ज्ञानेश्वरी-लीळाचरित्र मुळातून वाचायचंय? बडोद्यात राहून कसं करायचं ते सविस्तर

बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत ज्ञानेश्वरी आहे, पारायणं होतात, पसायदान तर लहान मुलांनाही पाठ असतं. पण "मला हे सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीचं मराठी मुळातून समजून घ्यायचंय, अभ्यास म्हणून, सुरुवात कुठून करू" असं कोणी विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं की अर्थासहित एखादी प्रत घे आणि वाच. तेवढ्याने अर्थ कळतो, अभ्यास होत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहितोय. कॉलेजला मराठी किंवा इतिहास घेतला असलाच पाहिजे अशी काही अट नाही, देवनागरी वाचता येतं, रोज अर्धा तास देता येतो, एक वही आणि एक मोबाईल आहे, एवढं पुरतं. आणि आपल्या गावात या कामासाठी जे आहे ते मोठमोठ्या शहरांत नाही, त्याबद्दल पुढे बोलतोच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे १२९० ची, पण त्या वेळची लिहिलेली प्रत आज कोणाकडेही नाही. आपल्यापर्यंत जे आलंय ते नकलेची नक्कल, तिची नक्कल असं करत आलंय, आणि प्रत्येक नकलेत काहीतरी हललंय. हे आजच्या संशोधकांनी काढलेलं खूळ नाही, खुद्द एकनाथ महाराजांनी हेच सांगितलंय. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी लिहून ठेवलं, "ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्धाबद्ध". म्हणजे ग्रंथ मुळात चोखच होता, पण वेगवेगळ्या पाठांमुळे (पाठ म्हणजे एकाच जागी त्या त्या प्रतीत असलेले शब्द) शुद्ध-अशुद्ध मिसळलं. आणि पुढे जो कोणी स्वतःची ओवी यात घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची रिकामी करवंटी) ठेवली असं समजा, असा स्पष्ट इशाराही दिलाय. त्यामुळे ज्ञानेश्वरीचा अभ्यास करणं म्हणजे नाथांनी जे काम केलं त्याचाच लहानसा भाग आपण करणं. छापील पुस्तकामागे किती पोथ्या आहेत आणि त्या एकमेकींशी कुठे पटतात, कुठे भांडतात, हे बघायला लागलात की खरा अभ्यास सुरू झाला.

तुकडा लहान घ्या

अख्खा ग्रंथ घेऊन बसायचं नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत (हा आकडासुद्धा प्रतीप्रतीत थोडा हलतो, हेही लक्षात ठेवा) आणि पहिल्या पानापासून अभ्यास म्हणून सुरू केलं तर पहिल्या अध्यायातच दम निघून जाईल. वीस-पंचवीस ओव्या पुष्कळ झाल्या. मी सगळ्यांना पसायदानापासून सुरू करायला सांगतो, कारण ते पाठ असतं, अर्थाचा अंदाज असतो, त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर देता येतं. त्यानंतर बारावा अध्याय, आटोपशीर आहे.

पद्य नको, गद्य हवं असेल तर लीळाचरित्र घ्या. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी, ज्या ज्या लोकांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, साधारण १२७८ च्या सुमाराचं काम मानतात. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग आहेत आणि एकेक लीळा कधीकधी चार-पाच ओळींचीच असते, त्यामुळे नवशिक्याला फार सोयीचं. बोललेली वाक्यं जशीच्या तशी आहेत, लोक काय खात होते, कुठे उतरत होते, कसे रागवत होते सगळं आहे त्यात. आणि आपल्यासाठी अजून एक गंमत, परंपरेनुसार चक्रधरस्वामी मूळचे भडोचचे, म्हणजे आपल्याकडून सुरतेकडे जाताना लागतं ते भरूच. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ज्या माणसाभोवती उभा राहिला तो माणूस गुजरातेतून आला होता, बडोद्याच्या मराठी माणसाने निदान एवढ्यासाठी तरी हे पुस्तक उघडावं.

लीळाचरित्राची मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत गेली आणि मग अनुयायांनी आठवणीतून परत लिहून काढलं असं महानुभाव परंपरा सांगते, त्यामुळे त्याचे पाठ एकापेक्षा जास्त आहेत. शिवाय महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये लिहायला सुरुवात केली, सकळ लिपी त्यातली सगळ्यात माहितीची, आणि त्या लिप्यांची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाली. तोपर्यंत हे अख्खं साहित्य मठांबाहेर जवळजवळ कोणाला माहीतच नव्हतं.

दोन प्रती, एक नाही

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच सगळं अडतं. एकच छापील पुस्तक घेतलं तर ते पुस्तकच "मूळ" वाटायला लागतं. ज्ञानेश्वरीसाठी एक राजवाडे प्रत घ्या, वि. का. राजवाड्यांनी १९०९ ला छापलेली, बीडजवळच्या पाटांगणला मिळालेल्या जुन्या पोथीवरून, आणि दुसरी साखरे महाराजांची, जी वारकरी परंपरेतली आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या की पहिल्या दहा ओव्यांतच फरक दिसायला लागतील. बरेचसे फरक स्पेलिंगचे, काही प्रत्ययांचे, काही मात्र शब्दच वेगळा. लीळाचरित्रासाठी वि. भि. कोलते यांची संपादित प्रत घ्या, आणि तिच्या जोडीला अजून कुठलीही जुनी.

मिळणार कुठे? आपल्याकडे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १९१० पासूनचं, सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीतून उभं राहिलेलं, तिथे जुनी मराठी पुस्तकं आहेत. युनिव्हर्सिटीची हंसा मेहता लायब्ररी आहे, मराठी विभाग आहे. आणि जी पुस्तकं कॉपीराइटबाहेर गेलीत त्यांचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात, फक्त सर्च करताना नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून बघा कारण स्कॅन करणाऱ्यांनी मनाला येईल तसं टाकलंय.

पुस्तक हातात आलं की आधी प्रस्तावना वाचा. शोधायचं काय ते सांगतो: संपादकाने किती पोथ्या वापरल्या, कुठल्या, त्यांवर तारीख होती का, आणि फरक दिसला तेव्हा कुठला पाठ वर घ्यायचा हे कशावरून ठरवलं. याची उत्तरं ज्या पुस्तकात नाहीत ते पारायणाला उत्तम असू शकतं, अभ्यासाला नाही.

इंटरनेटवर कॉपी-पेस्ट झालेल्या ज्ञानेश्वरीपासून जपून राहा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर आपण न उच्चारले जाणारे अनुस्वार टाकून दिले, आजच्या मराठीसाठी ठीक आहे, पण लोकांनी ते जुन्या ग्रंथातूनही काढून टाकलेत. जुन्या मराठीत तो टिंब म्हणजे विभक्ती असते. "सत्कर्मीं" वर टिंब आहे म्हणून ते "सत्कर्मात" आहे, टिंब गेलं की व्याकरणाचा धागाच तुटतो.

मोठ्याने वाचा, मग फोडा

ओवी ही मुळात ऐकायची आणि गायची गोष्ट आहे. डोळ्यांनी वाचून अडलेली ओवी मोठ्याने म्हटली की अर्धी सुटते. मग वहीत लिहून तिचे तुकडे करा. पसायदानाची पहिलीच ओवी घेऊ:

आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें । तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥

"देवें" म्हणजे देवाने, "येणें वाग्यज्ञें" म्हणजे या वाणीच्या यज्ञाने, "तोषोनि" म्हणजे संतुष्ट होऊन, "मज" म्हणजे मला. बघा, शब्द जवळजवळ सगळे ओळखीचे आहेत, फक्त आज जिथे आपण "ने" लावतो तिथे शेवटी एं आहे. हे एक कळलं की शेकडो ओव्या उघडतात. तसंच शेवटी ईं आला की "मध्ये", शेवटी "सि" किंवा "तें" आला की "ला", "तयां" म्हणजे त्यांना, "मियां" म्हणजे मी (काहीतरी केलं, त्या अर्थाने), "कीजे", "म्हणिजे" असं "इजे" दिसलं की केलं जातं, म्हटलं जातं. "आथि" म्हणजे आहे. हे सगळं एकदम पाठ करत बसू नका, वहीच्या मागच्या पानावर स्वतःचा तक्ता करा, जे भेटेल ते त्यात टाका. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचं व्याकरणही लिहिलंय, पण ते नंतर, तुमचा स्वतःचा तक्ता भरल्यावर वाचलं तर जास्त कळतं.

डिक्शनरीबद्दल. आजच्या शब्दकोशात बघून जुन्या शब्दाचा अर्थ ठरवायचा नाही, कारण ओळखीचा वाटणारा शब्दच जास्त फसवतो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे, १९९९ चा, त्यात शब्द कुठल्या ग्रंथात कुठे आलाय ते संदर्भासकट दिलंय. मोल्सवर्थ (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन शिकागो युनिव्हर्सिटीच्या कोशांच्या साईटवर फुकट बघता येतात. माझा क्रम असा, आधी ओवीतूनच अंदाज, मग तुळपुळे-फेल्डहाउस, मग दाते-कर्वे, आणि अर्थासहित प्रत सगळ्यात शेवटी. टीकाकाराचा अर्थ आधी वाचला की आपलं डोकं तिथेच थांबतं.

पाठभेदांचा तक्ता

आता मुख्य काम. एक्सेल उघडा किंवा वहीत उभ्या रेघा मारा. पहिल्या कॉलममध्ये ओवीचा नंबर, मग प्रत्येक प्रतीला एक कॉलम, शेवटी तुमचा शेरा. एकेक शब्द जुळवत जा आणि जिथे फरक असेल तिथेच नोंद करा, सारखं आहे ते परत लिहीत बसू नका. कंटाळवाणं वाटेल, सुरुवातीला वाटतंच, पण चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की त्यात नमुने दिसायला लागतात आणि मग उठवत नाही.

नमुने कसले? नकलकार माणूस होता आणि माणसाच्या चुका ठरलेल्या असतात. दोन ओव्या एकाच शब्दाने सुरू होत असतील तर पहिलीवरून नजर थेट दुसरीवर जाते आणि मधली ओवी गायब. सारखी दिसणारी अक्षरं, व आणि ब, थ आणि य, एकमेकांच्या जागी येतात. समासात (पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत) कोणी अर्थ लिहून ठेवला असेल तर पुढचा नकलकार तो ग्रंथातच घेतो. आणि सगळ्यात जास्त, जुना अवघड शब्द काढून त्या जागी आपल्या काळातला सोपा शब्द बसवतात, मुद्दाम नाही, हाताने आपोआप होतं. म्हणून दोन पाठांपैकी एक अवघड आणि एक सोपा असेल तर सहसा अवघड पाठ जुना असतो, कारण सोप्याचं अवघड कोणी करत नाही. सहसा म्हणतोय, नेहमी नाही, कारण कधीकधी अवघड दिसणारा शब्द म्हणजे साधी हाताची चूकही असते, तिथे तो शब्द अजून कुठे आलाय का हे कोशात बघावं लागतं.

फारसी-अरबी शब्दांवरही लक्ष ठेवा. तेराव्या शतकातल्या ग्रंथात असा शब्द आला तर लगेच "प्रक्षिप्त" (मागाहून घुसवलेला) म्हणू नका पण खूण करून ठेवा आणि बाकीच्या प्रतींत त्या जागी काय आहे ते बघा.

अजून एक, प्रती मोजून बहुमताने पाठ ठरवायचा नाही. दहा पोथ्या एकाच पोथीवरून उतरवल्या असतील तर त्यांची साक्ष एकच. कुठल्या पोथ्या एका घराण्यातल्या आहेत हे त्यांच्या सारख्या चुकांवरून ओळखतात, बरोबर पाठ तर सगळ्यांतच सारखा असणार, पण तीच विचित्र चूक दोन पोथ्यांत आली म्हणजे नातं आहेच. अशी नाती जोडत पोथ्यांची वंशावळ काढतात.

हे काम पूर्ण मोठ्या प्रमाणावर केलेलं बघायचं असेल तर आपल्या बडोद्यातच झालंय. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती (सगळ्या पोथ्या ताडून केलेली) आपल्या प्राच्यविद्या मंदिराने, म्हणजे जुन्या हस्तलिखितांच्या संस्थेने, काढली, काम १९५१ ला सुरू झालं, बालकांड १९६० ला आलं गो. ह. भट्टांच्या संपादनाखाली, आणि शेवटचं उत्तरकांड १९७५ ला, उमाकांत शहांचं. सात कांडं, चोवीस वर्षं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची काढली तशीच ही रामायणाची. लायब्ररीत जाऊन त्यातलं एक पान नीट बघा, संस्कृत येत नसेल तरी बघा. वरती स्वीकारलेला पाठ, खाली बारीक टाइपात कुठल्या पोथीत काय आहे त्याची रांग, पोथ्यांना अक्षरांची खुणनावं, आणि जे श्लोक थोड्याच पोथ्यांत सापडतात ते बाजूला काढून परिशिष्टात. फेकून काही दिलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला पटलं नाही तर तुम्ही वेगळा पाठ निवडू शकता, सगळा माल समोर ठेवलाय. तुमचा वीस ओव्यांचा तक्तासुद्धा असाच असायला हवा.

तारखा

जुन्या साहित्यात कालगणनेवाचून एक पाऊल टाकता येत नाही, आणि बडोद्यात जास्तच, कारण इथे एकाच कपाटात शके लिहिलेली मराठी पोथी आणि संवत लिहिलेली गुजराती पोथी शेजारी असते.

शकात ७८ मिळवले की इसवी सन, वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत (साधारण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत) ७९. विक्रम संवतातून ५७ वजा, पण गुजरातचा संवत कार्तिकात बदलतो आणि उत्तरेकडचा चैत्रात, त्यामुळे चैत्र ते आश्विन या काळात दोघांत एका वर्षाचा फरक पडतो. कार्तिकी संवत असेल तर कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ आणि पुढे जानेवारीपासून दिवाळीपर्यंत ५६ वजा करा.

आणि एक युक्ती जी मला सगळ्यात आवडते. पोथीत शकासोबत बहुतेक वेळा संवत्सराचं नाव असतं, साठ नावं आहेत, प्रभव, विभव, शुक्ल अशी, पंचांगात यादी मिळते. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी जी उरेल तितक्या नंबरचं नाव आलं पाहिजे (बाकी शून्य आली तर साठावं). एकनाथांच्या प्रतीवर करून बघू: त्यांनी "शके पंधराशें साहोत्तरीं । तारण नाम संवत्सरीं" असं लिहिलंय. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८, साठाने भागून बाकी १८, आणि अठरावं नाव तारणच आहे. जुळलं. जिथे जुळत नाही तिथे तारीख चुकीची उतरवलीय, किंवा नंतर कोणीतरी घातलीय, किंवा संवत्सर दुसऱ्या पद्धतीने मोजलाय, आणि शोध घ्यायची जागा मिळाली. तिथी आणि वार दोन्ही दिले असतील तर तेही पडताळता येतात, त्यासाठी आता ऑनलाईन कन्व्हर्टर आहेत, पण संवत्सराचं गणित हाताने करायची सवय ठेवाच.

पुढच्या काळातल्या मराठी कागदांत सुहूर सन भेटतो, आकडे अरबी शब्दांत, एकं आधी मग दहं. "सीत सबैन अलफ" म्हणजे सहा, सत्तर, हजार, १०७६, त्यात ५९९ मिळवले की १६७५, आणि ते वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून १६७५-७६ असं लिहायचं. ग्रंथांपेक्षा पत्रांत आणि दफ्तरात याची जास्त गरज पडते.

खरी पोथी बघायला जाणं

छापील प्रतींवर थोडे महिने काम झालं की पोथी बघायची इच्छा होतेच. प्राच्यविद्या मंदिर आता सयाजीराव युनिव्हर्सिटीत आहे. त्याची कथा थोडक्यात सांगायलाच हवी. सयाजीरावांनी पोथ्या गोळा करायला माणसं पाठवली, चिमणलाल दलाल पाटणच्या जैन भांडारांत जाऊन ताडपत्रं तपासून आले, १९१६ ला गायकवाड ओरिएंटल सिरीजचं पहिलं पुस्तक निघालं, राजशेखराची काव्यमीमांसा, आणि १९२७ ला प्राच्यविद्या मंदिर वेगळं उभं राहिलं. आज तिथे हजारो हस्तलिखितं आहेत.

जायच्या आधी फोन करा, वेळ आणि नियम विचारा, परवानगीचा अर्ज आणि ओळखपत्र लागतं असं धरूनच चला. "काहीतरी जुनं मराठी दाखवा" असं म्हणत जायचं नाही, छापील सूची बघून हस्तलिखिताचा क्रमांक आणि नाव लिहून न्यायचं. पेन नाही, पेन्सिल. हात धुऊन कोरडे केलेले, बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही, फ्लॅश नाही, आणि फोटोची परवानगी नसेल तर वाद न घालता हाताने उतरवून घ्या, उतरवताना अक्षर जितकं कळतं तितकं फोटोवरून कळत नाही.

पहिल्यांदा पान समोर आलं की घाबरायला होतं कारण शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसते, सगळी ओळ एका दमात. म्हणून आधी ओळखीचा मजकूर मागा, म्हणजे पाठ असलेल्या ओव्यांवरून अक्षर ओळखता येतं. हे बघायला शिका: ए-ओ ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधीच्या बाजूला उभी रेघ म्हणून दिलेली असू शकते, तिला पडिमात्रा म्हणतात. ख च्या जागी ष येतो, "लिषिते" म्हणजे लिखिते. एक चं "येक" होतं. पिवळा रंग फासलेला दिसला तर तो हरताळ, चुकलेलं अक्षर झाकायला लावलेला. ओळीत छोटी काकपदाची खूण असेल तर समासात बघा, राहिलेलं अक्षर तिथे लिहिलेलं सापडेल.

शेवटचं पान सगळ्यात आधी वाचा. तिथे पुष्पिका असते, कोणी लिहिली, कोणासाठी, कुठे, कधी. बऱ्याच नकलकारांनी "यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया" हा श्लोक घातलेला असतो, जसं पुस्तक दिसलं तसं मी लिहिलं, शुद्ध असो अशुद्ध असो मला दोष नको. फक्त एक सावधगिरी, पुष्पिकेतली तारीख कधीकधी या पोथीची नसून जिच्यावरून उतरवली त्या पोथीची असते, नकलकाराने तीही इमानदारीने उतरवलेली असते. कागद आणि अक्षराचं वळण त्या तारखेशी जुळतं का हे तिथल्या जाणकारांना जरूर विचारा.

मोडी आधी शिकायची का, असं बरेच जण विचारतात. या साहित्यासाठी नाही. ग्रंथ मुख्यतः देवनागरीत लिहिले गेले, मोडी पत्रव्यवहार आणि हिशेबाला. बडोदा संस्थानच्या जुन्या दफ्तरात शिरायचं असेल तर मोडी हवीच, पण ते खूप नंतरच्या काळाचं काम आहे, दोन्ही एकदम सुरू केलं की दोन्ही अर्धवट राहतं.

ग्रंथाच्या बाहेरची साक्ष

पोथी नक्कल असते, शिलालेख नक्कल नसतो. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा लेख शके ११९५ ते ११९९ मधला, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या थोडा आधीचा, रामदेवराव यादवाच्या काळचा, त्यात विठ्ठलमंदिराला कोणी किती दिलं त्याची नोंद आहे. त्या काळात मराठी नक्की कशी लिहीत होते हे तपासायला याहून भक्कम काही नाही, कारण त्यावर नंतर कोणाचा हात फिरलेला नाही. तुळपुळ्यांनी असे लेख एकत्र करून १९६३ ला छापलेत. तुमच्या तक्त्यातला एखादा प्रत्यय जुना की नवा अशी शंका आली की तिथे शोधा.

संस्कृत ग्रंथांतही मराठीच्या खुणा आहेत, आणि त्यातला एक फार महत्त्वाचा ग्रंथ बडोद्यातूनच छापला गेला. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास, शके १०५१ म्हणजे ११२९ चा, गायकवाड सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी तीन भागांत संपादित केला, पहिला भाग १९२५ ला. राजाने काय खावं, कशाची करमणूक करावी, हत्ती कसे ओळखावेत, सगळं आहे त्यात, मांडे आहेत, वडे आहेत. आणि त्यातच ती ओळ आहे, "महाराष्ट्रेषु योषिद्भिरोवी गेया तु कण्डने", महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी! ज्ञानेश्वरांनी गीतेसाठी जो छंद उचलला तो उखळाजवळ बसलेल्या बायांच्या तोंडी होता याचा हा लेखी पुरावा. ओवीचा अभ्यास करायचा आणि हे पान बघायचं नाही, असं बडोद्यात राहून तरी होऊ नये.

मोबाईल आणि मशीन

थोडक्यात. छापील देवनागरीचं मजकुरात रूपांतर करायला गुगल लेन्स चालतं, पण ते जुन्या मराठीला आजची मराठी किंवा हिंदी करून टाकतं, टिंबं गाळतं, म्हणून शब्दन् शब्द पडताळा. हस्तलिखितं आणि मोडी मशीनकडून वाचून घ्यायचे प्रयोग चालू आहेत, मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागाही मिळालीय, तरी सध्या मशीनने दिलेलं वाचन हा कच्चा खर्डा समजायचा. चॅटबॉटला ओवीचा अर्थ विचारलात तर तो बिनदिक्कत सांगेल, पण कुठल्या प्रतीतला पाठ धरून सांगतोय हे विचारा, आणि ओवीचा नंबर पुस्तकात उघडून बघितल्याशिवाय वहीत उतरवू नका. फाईलींना नाव देताना ग्रंथ, प्रत, अध्याय, पान या क्रमाने द्या, नाहीतर सहा महिन्यांनी कुठला फोटो कशाचा हे कळणार नाही.

घरात पोथ्या असतील तर

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडच्या जुन्या वाड्यांमधून लोक फ्लॅटमध्ये गेले, माळ्यावरचे रुमाल (पोथ्या बांधलेली कापडं) बरोबर गेले किंवा रद्दीत गेले. तुमच्याकडे असतील तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात वाळवत टाकू नका. पानांचा क्रम आहे तसाच ठेवा, उलटा वाटला तरी, कारण तो क्रमही माहिती असते. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा आणि सोबत कागदावर लिहा: घरात कोणाकडून आल्या, मूळ गाव कुठलं, किती पानं, शेवटच्या पानावर काय लिहिलंय. सावलीत, दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून प्रत्येक बाजूचा फोटो काढा, कडेला पट्टी ठेवून म्हणजे मापही येईल. मग ते फोटो घेऊन प्राच्यविद्या मंदिरात किंवा युनिव्हर्सिटीच्या मराठी विभागात दाखवा, पोथी लगेच देऊन टाकायची गरज नाही, तिथे काय आहे हे नोंदलं गेलं तरी अभ्यास करणाऱ्याला ती सापडते. आणि त्यात ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय निघाला, अर्धा का असेना, तर तुमच्या तक्त्यात आणखी एक कॉलम वाढवा आणि पहिल्या ओवीपासून जुळवायला बसा.